अर्धा इंच माया

८ फेब्रुवारी, रविवार

पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले, पण डायरी कधी लिहिली नाही. आता लिहायला हवी. आजपासून मी एक काम अंगावर घेतलं आहे, आणि ते पार पडल्यावर लोक विचारणार, कसं काय जमवलंत?

हिला टेकडीवरच्या निवासी शाळेचं शिवणकाम मिळायची शक्यता आहे. एकशे चाळीस मुलांचे गणवेश. चौदा मार्चला पहिले वीस घेऊन वर जायचं, मुलांच्या अंगावर घालून दाखवायचे. मुख्याध्यापिकाबाईंना पसंत पडले तर सगळं काम हिचं, आणि मग दर शनिवारी वर जाणं आलं. त्या दिवशी पोचलोच नाही तर काम शहरातल्या कारखान्याला जाणार. शाळेपर्यंत बस नाही. नऊ किलोमीटरचा उभा चढ आहे.

हिने एक टेम्पोवाला ठरवून ठेवला होता. मी म्हणालो, "घरात गाडी असताना टेम्पो कशाला?"

"अहो, गाडीचा दुसरा गिअर किरकिरतो. तिसरा तर तुम्ही हाताने धरून ठेवता."

"ते मी बघतो," म्हणालो, आणि टेम्पोवाल्याला मीच फोन करून नको म्हणून सांगून टाकलं. फोन ठेवला तेव्हा ही हातात कात्री घेऊन माझ्याकडे नुसती बघत होती. एवढा उत्साही नवरा बघायची सवय नाही तिला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लेथवाल्याकडे जाऊन आलो. गल्लीच्या टोकाला त्याचं वर्कशॉप आहे. माणूस पन्नाशीचा, बोलतो कमी, ऐकतो त्याहून कमी. म्हणाला, "काका, तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स आता कुठे मिळत नाही. मिळाला तरी तुमच्याइतकाच म्हातारा असणार."

मग उपायही त्यानेच सांगितला. आमच्या गाडीचं इंजिन त्याच कंपनीने पुढे एका टेम्पोला बसवलं होतं. त्या टेम्पोचा गिअरबॉक्स पाच गिअरचा. आमचा चारचा. "तोंड जुळतं. शेपूट लांब आहे. पहिला गिअर इतका जड ओढतो की भरल्या गाडीने भिंत चढाल."

दुपारी भंगारात एक सापडला. आतले दाते शाबूत आहेत. घरी आणला तेव्हा शेजारचे स्टेशनमास्तर कुंपणावर हात टेकून उभे होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वेळापत्रक डोक्यातून जात नाही. "गाडी किती वाजता सुटणार?" म्हणाले. मी गिअरबॉक्स गॅरेजमध्ये ओढत नेला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कामाला हात घातला. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली. खाली उताणं झोपायला काहीतरी सपाट हवं होतं. हिच्या दुकानाची जुनी पाटी माळ्यावर धूळ खात पडली होती, तिचा एकदाचा उपयोग झाला. रंगवलेली बाजू जमिनीकडे केली की पाठीला गुळगुळीत लागते.

ही चहा घेऊन आली. पाटीकडे बघून म्हणाली, "हीच मिळाली का?"

"अगदी माझ्या मापाची आहे," मी खालूनच म्हणालो.

ती कप ठेवून गेली. थोड्या वेळाने एक मोठा पुठ्ठा आणि दाभण घेऊन परत आली, आणि मी काढलेले बोल्ट ज्या जागेचे त्या क्रमाने पुठ्ठ्यावर दोऱ्याने टाचू लागली. बटणं ठेवतात तसे. मी म्हणालो, मला सगळं लक्षात राहतं. ती म्हणाली, राहू दे, माझ्या हाताला चाळा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जुना गिअरबॉक्स उतरला. उतरला म्हणजे शेवटचा बोल्ट निघाल्यावर स्वतःहून खाली आला. हिने खाली जुनी गोधडी आधीच पसरून ठेवली होती, म्हणून फरशी आणि माझं डावं ढोपर दोन्ही वाचलं.

हिने हल्ली सकाळी फिरायला जायला सुरुवात केली आहे. बरोबर साडेसहाला जाते, तासाभराने येते. तब्येतीकडे लक्ष देते, चांगलं आहे. फक्त आज म्हणाली की डावी पोटरी भरून आली. फिरून दोन्ही पोटऱ्या दुखायला हव्यात. चालण्यात काहीतरी दोष असणार. मी तिला पाय कसा टाकायचा ते दाखवलं. तिने शांतपणे बघितलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस लिहिताना हात दुखतो आहे, पण लिहितो. नवा गिअरबॉक्स इंजिनाला लावायचा होता. त्याचा दांडा क्लच प्लेटच्या मधोमध दात्यांत जायला हवा. मी आणि लेथवाला अडीच तास त्याला ढकलत होतो. चार बोटं आत जाई आणि अडे. मी रेटलं, लेथवाल्याने रेटलं, दोघांनी मिळून रेटलं. माझ्या तोंडून काही शब्द गेले, ते इथे लिहीत नाही.

ही मशीनवरून उठून आली. वाकून बघितलं. म्हणाली, "रेटताय कशाला? बॉबिन बसली नाही तर आपण दाबतो का? जरा फिरवायची."

लेथवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग गिअर टाकला, मागचा दांडा हाताने बोटभर फिरवला, आणि गिअरबॉक्स खट्‌ करून जागेवर जाऊन बसला. अडीच तासांचं काम अर्ध्या मिनिटात.

माझ्याही मनात तेच आलं होतं, पण ती आधी बोलली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आता शेपटीचा प्रश्न. गिअरबॉक्स लांब असल्यामुळे त्याचा मागचा आधार जुन्या जागी बसत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या चासीवरून आडवी लोखंडी पट्टी नव्याने बनवावी लागणार. हे काम खास माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखं आहे. गिअरबॉक्सची शेपूट जॅकवर तोलून मी माप घेतलं, तीनदा. एकतीस वर्षांत माझ्या नकाशात केसाचा फरक निघाला नाही. ही पुठ्ठ्यावर आकार काढत होती, कारण पुठ्ठा कापायला तिची कात्री बरी.

मधेच तिने विचारलं, "जॅक काढल्यावर इंजिन इथेच राहील का हो? आत्ता जरा पुढे ढकलल्यासारखं दिसतंय."

म्हणालो, "इंजिन लोखंडाचं असतं. ते कापडासारखं सुरकुतत नाही."

ती म्हणाली, बरं.

पट्टीला भोकं मात्र गाडीला लावूनच पाडायची, असं लेथवाल्याचं म्हणणं. पुठ्ठा संध्याकाळी तीच त्याच्याकडे देऊन आली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी आली. मागच्या कडेने अर्धा इंच जास्त रुंद!

मी लेथवाल्यावर आवाज चढवला. तो पुठ्ठा घेऊन आला. पट्टी पुठ्ठ्याबरहुकूम होती, पुठ्ठाच मोठा होता. मग हिच्याकडे वळलो. ती म्हणाली, "सवय हो. बेतताना कडेला अर्धा इंच माया ठेवतेच मी. हात आपोआप जातो."

"ही गाडी आहे, झबलं नाही!" मी ओरडलो. लेथवाल्यासमोर ओरडलो. तो हत्यारं गोळा करून निघून गेला. लोखंड कापायचं तर पुन्हा त्याच्याकडेच जायला हवं, आणि तो आता चार दिवस बाहेरगावी आहे.

ती आत गेली आणि मशीन सुरू केली. विसातले अकरा गणवेश झाले आहेत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अबोला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अजून अबोला. घरात फक्त मशीनचा आवाज. काल झोप लागत नव्हती, म्हणून खरं ते लिहून ठेवतो. मला भीती वाटते आहे. गाडी चौदापर्यंत उभी राहिली नाही तर? टेम्पोवाल्याला मी आज गुपचूप फोन केला होता. त्याने त्या तारखेला लग्नाचं सामान घेतलं आहे. हिचं काम गेलं तर ते माझ्या एका फोनमुळे गेलं असं होईल.

अकरा वर्षांपूर्वी माझी बदली झाली तेव्हा हिने दुकान बंद केलं. तेव्हाही एका शब्दाने बोलली नव्हती. मी धरून चाललो होतो की तिला दगदग नकोच असेल. विचारलं मात्र नव्हतं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये गेलो तर पाटी पुसून भिंतीशी उभी करून ठेवलेली. ती रोजच असं करते. पसारा आवडत नाही तिला.

२ मार्च, सोमवार

देव आहे की नाही माहीत नाही, पण योगायोग आहे.

लेथवाल्याची वाट न बघता मी पट्टी तशीच लावून बघितली आणि जॅक काढला. इंजिन आपल्या रबरी पायांवर मागे सरकलं. चांगलं बारा मिलिमीटर. मीच जॅक मागून रेटून लावला होता, त्याने ते पुढे ढकललं गेलं होतं आणि माझी तिन्ही मापं त्या ढकललेल्या अवस्थेतली होती. तिन्ही अचूक, तिन्ही चूक. पट्टी माझ्या मापाची असती तर भोक पाडायला लोखंडच उरलं नसतं. त्या अर्ध्या इंचात भोकं बरोबर बसतात. खडूने खूण केली.

हिला बोलावून दाखवलं. वाकून बघितलं आणि म्हणाली, "बसली का? छान." मी म्हणालो, नशीब थोर, नेमकी तुझी सवय कामी आली. ती हसली. चार दिवसांनी हसली, म्हणून मीही हसलो.

संध्याकाळी लेथवाला भोकं पाडायला आला. त्याला सांगितलं तर म्हणतो, "काकू त्या दिवशीच म्हणाल्या होत्या, मागच्याच बाजूला जास्त ठेवलंय, तसंच काप." काहीतरी ऐकण्यात गोंधळ झाला असणार त्याचा. आधी लिहिलंच आहे, ऐकतो कमी.

५ मार्च, गुरुवार

मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लेथवाल्याने आखूड करून दिला. त्याचं माप मी सगळ्यात शेवटी, जॅक काढून, इंजिन हाताने हलवून बघून घेतलं. आणि घेण्याआधी हिला विचारलं, तुला काय वाटतं? तिला इतकं नवल वाटलं की तिने सुई तोंडातून काढली.

गिअरचा दांडाही आता एक वीत मागे येतो, त्यासाठी पत्र्याला नवं भोक पाडलं. त्यावर हिने रेक्झिनचं कव्हर शिवलं आणि वर पांढऱ्या दोऱ्याने गिअरचे आकडे भरले, कुठला कुठे पडतो ते. पहिला डावीकडे पुढे, दुसरा त्याच्या मागे, अशा क्रमाने पाच, आणि उजवीकडे मागे रिव्हर्स. मी म्हणालो, मला आकड्यांची गरज नाही. ती म्हणाली, असू देत.

मग अवांतर प्रश्न विचारत बसली. चढावर गाडी थांबली तर आधी हँडब्रेक सोडायचा की क्लच? मी सविस्तर समजावलं. तिला अशा गोष्टींत रस आहे हे लग्नाला बत्तीस वर्षं होऊन आज कळलं.

७ मार्च, शनिवार

सगळं जोडून झालं. तेल भरलं. पुठ्ठ्यावर दोन बोल्ट उरले आहेत.

मी चार वेळा गाडीखाली जाऊन आलो. सगळी भोकं भरलेली आहेत. दोन बोल्ट उरलेच आहेत. शेवटी हिने पुठ्ठा उलटसुलट करून सांगितलं की ते जुन्या पट्टीचे आहेत, नवीला चारच लागतात. स्टेशनमास्तर कुंपणावरून म्हणाले, "गाडी उशिराने धावते आहे का?" आज त्यांना चहाला बोलावलं.

१० मार्च, मंगळवार

चालली!

चाकं हवेत ठेवूनच गाडी सुरू केली. पहिला टाकला, मागची चाकं फिरू लागली. दुसरा, कुठे किरकिर नाही. तिसरा, आणि मी हात काढून घेतला. तिसरा जागेवर राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या गिअरवरून हात काढला. मग चौथा, मग पाचवा. मी एकटाच गॅरेजमध्ये टाळ्या वाजवल्या. लेथवाल्याला फोन करून फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. तो म्हणाला, "ऐकू येतंय, काका. ओरडू नका."

ही नेमकी घरी नव्हती. डोळे तपासायला गेली होती, अर्धा दिवस गेला. आली ती आइस्क्रीम घेऊन. मी म्हणालो, तुला कसं कळलं गाडी चालली ते? ती म्हणाली, "वाटलंच होतं, आज काहीतरी पास होणार."

११ मार्च, बुधवार

गाडी जमिनीवर उतरवली. गॅरेजमधून मागे काढायची होती. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी पुढे जाऊन भिंतीला धडकली. डावा दिवा फुटला.

रिव्हर्स जिथे होता तिथे आता पहिला आहे. सव्वीस वर्षं माझा हात डावीकडे पुढे गेला की गाडी मागे जायची. डोक्याला पाठ आहे, हाताला कोण सांगणार?

१३ मार्च, शुक्रवार

वाईट दिवस. उद्या जायचं.

सरावासाठी गल्लीच्या तोंडाचा चढ घेतला. जुन्या गाडीचा पहिला जिथे होता तिथे आता दुसरा, दुसऱ्याच्या जागी तिसरा. माझा हात दर वेळी एक गिअर पुढे. थांबलेली गाडी चढावर दुसऱ्यावर सुटत नाही. तीनदा बंद पडली, तिसऱ्यांदा घरंगळत मागे आली, आणि मागे एक सायकलवाला होता. ब्रेक वेळेवर लागला. त्या माणसाने शिवीही दिली नाही, नुसतं बघितलं. शिवी परवडली असती.

घरी येऊन हिला सांगितलं. लपवलं नाही. म्हणालो, गिअरबॉक्स उत्तम आहे, मी नाही. नऊ किलोमीटर, अशी वळणं, माझ्याच्याने नाही होणार. मी तुझा टेम्पो घालवला आणि आता गाडीही नाही. 

ती शेवटच्या शर्टाची बटणं लावत होती. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "झोपा लवकर. सकाळी सातला निघायचंय."

१४ मार्च, शनिवार

शाळेच्या अंगणात गाडीत बसून लिहितो आहे. ही आत आहे.

सकाळी वीस गणवेश मागच्या सीटवर ठेवले. मी ड्रायव्हरच्या दाराशी किल्ली घेऊन उभा होतो. ही आली आणि म्हणाली, "सरका."

"म्हणजे?"

तिने पर्समधून लायसन काढून दाखवलं. तारीख मंगळवारची. डोळे तपासले होते, ते खरंच होतं, पण लायसनच्या परीक्षेसाठी. सकाळचं फिरणं म्हणजे मैदानावर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. डावी पोटरी क्लचमुळे. मी तिला चालायला शिकवत होतो! माझ्या डायरीची मागची पानं उलटून बघितली तर सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, आणि मला एक अक्षर कळलेलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवायला बसला असतात."

 मी डावीकडे जाऊन बसलो. स्कूलच्या गाडीचे गिअर आणि आमचे नवे गिअर एकाच क्रमाचे आहेत. तिच्या हाताला विसरायला काही नव्हतंच. रिव्हर्स टाकून गाडी सरळ गॅरेजबाहेर काढली. कुंपणापाशी स्टेशनमास्तर होते. खांद्यावरचा हिरवा टॉवेल काढून त्यांनी तो उंच धरून हलवला.

चढाला लागलो. पहिला, दुसरा, वळणावर पुन्हा पहिला. गिअरबॉक्स एका सुरात गुणगुणत होता. चौथ्या वळणावर समोरून खडीचा ट्रक आला आणि उभ्या चढावर थांबावं लागलं. माझा पाय जागच्या जागी, नसलेला ब्रेक दाबत होता. मी तोंड उघडलं. तिने हँडब्रेक ओढला, क्लच हळूच उचलला, गाडीचं नाक जरा वर आलं, मग हँडब्रेक सोडला. एक बोटभरसुद्धा मागे गेली नाही. मी तोंड मिटलं.

माथ्यावर रस्ता सपाट आणि सरळ आहे. दोन्ही बाजूंना वाऱ्याने झोपलेलं गवत. तिने चौथा टाकला, थोडं थांबली, आणि आकड्यांकडे न बघता पाचवा टाकला. गाडीचा आवाज एकदम खाली आला. सव्वीस वर्षं ही गाडी चालवली, तिला असं शांत धावताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी हिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ती दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली असताना बघितलं होतं. नंतर नाही. मला फार आनंद झाला आणि फार लाजही वाटली, दोन्ही एकाच वेळी.

एवढ्यात ही बाहेर आली. वीसच्या वीस बसले. दोन दांडगे विद्यार्थी महिन्याभरात वाढले होते, पण आत माया होती, तिथल्या तिथे उसवून सोडली. मुख्याध्यापिकाबाई दारापर्यंत सोडायला आल्या. एकशे चाळीसही आपले, आणि पडदेही.

"येताना तुम्ही घेता का?" तिने किल्ली पुढे केली.

"नको," मी म्हणालो. "मी बघत बसतो."

१५ मार्च, रविवार

ही सकाळी कापड बघायला गेली, गाडी घेऊन. मी गॅरेजमध्ये गेलो. पाटी भिंतीशी उभी होती. उलटी केली. महिनाभर फरशीवर घासून कडेचा रंग गेला होता. साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसत बसलो. आधी मोठी अक्षरं आली, बायकांचे व मुलांचे कपडे बेतून व शिवून मिळतील. मग खाली बारीक अक्षरात तिचं नाव. मी या नावावर एक महिना पाठ टेकून झोपलो होतो, आणि ती रोज संध्याकाळी त्यावरचं माझं तेल पुसत होती.

गेलेला रंग मी भरला. अक्षरं काढणं एवढं मला येतं. दुपारी गाडी परत आल्यावर वरच्या कॅरियरला पाटी लावली. त्यासाठी दोन बोल्ट हवे होते. पुठ्ठ्यावर दोन होतेच.

मग हिला बाहेर बोलावलं. ती दारातच थांबली.  मग पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "वाकडी लागलीय."

"वाकडी कशी असेल? मी माप घेऊन लावलीय."

"म्हणूनच म्हणते."

मी टेप आणून मोजलं. डावी बाजू चार मिलिमीटर खाली आहे. उद्या सरळ करीन. आत्ता करायला निघालो होतो, पण ती म्हणाली, थांबा जरा, बघू दे. म्हणून पाना हातात घेऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.